दोनदा नापास

गिरणीची शाळा गोदामाच्या वरच्या मजल्यावर होती. खाली कापडाच्या गाठी, वर मुले. शाळा सुरू होऊन आठ वर्षे झाली होती. तेरा वर्षांखालच्या मुलांना अर्धा दिवसच कामावर ठेवता येईल, आणि उरलेला अर्धा दिवस ती शाळेत बसत असल्याचा दाखला लागेल, असा कायदा झाला, तेव्हाची ती. गावातली शाळा दुसऱ्या टोकाला होती आणि जाण्यायेण्यात मुलांचा पाऊण तास फुकट जात होता. म्हणून मालकांनी गोदामावर पत्रे चढवले, बाके करून घेतली, एक फळा आणला आणि एक बाई नेमल्या. वेगळी घंटा आणली नाही. गिरणीचा भोंगा वाजला की सकाळची मुले खालून वर आणि दुपारची वरून खाली. हजेरीही तिकिटाच्या नंबरानेच होई. या मुलांना सगळी गिरणी ‘अर्धी तिकिटं’ म्हणायची.

चौथीपर्यंत वर्ग होते. चौथी पास झालेल्या मुलाला तेराच्या आतही पूर्ण दिवस कामावर घ्यायची कायद्याने मुभा होती. शिकायचे तेवढे शिकून झाले, असा त्यामागचा हिशेब. त्यामुळे ढ मुले तेरा वर्षांची होईपर्यंत बाकावर बसत आणि हुशार मुले दहाव्या-अकराव्या वर्षी शाळेतून सुटत.

एकशे बारा नंबरचे अर्धे तिकीट अकरा वर्षांचे होते. तिला खारू म्हणत. यंत्राखाली शिरून तुटलेली सुते काढण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते, म्हणून बापाने तिला खारूताई म्हटले आणि तेच नाव चिकटले. आई साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, दोन साचे चालवायची. साचे म्हणजे वाफेवर चालणारे माग. त्या एका खात्यात ते दोनशे होते. बाप कापूस पिंजायच्या खात्यात होता. पाच महिन्यांपूर्वी त्याच्या छातीने संप केला, असे तो स्वतःच सांगे. तेव्हापासून तो खोलीत बसून होता. बोलता बोलता थांबायचा, खोकायचा, आणि वाक्य जिथे सोडले होते तिथूनच पुढे न्यायचा.

खोली गिरणीची होती. प्रत्येक खोलीमागे दोन पूर्ण तिकिटे, हा नियम. बापाचे तिकीट गेल्यावर खोल्यांचा कारकून दर पंधरा दिवसांनी दारात येऊन उभा राहायला लागला.

“मी काही वाईट माणूस नाही,” तो म्हणाला. “पण यादीत तुमच्या खोलीसमोर एकच नाव दिसतं. वरून विचारतात.”

“पोरीचं अर्धं आहे की,” बाप म्हणाला.

“मग अर्धी खोली ठेवू का? भिंत कुठं घालू, ते सांगा.” त्याने आत पाहिले. खोली दहा बाय बारा होती. “पोरगी यंदा चौथीला ना? तीन आठवड्यांनी परीक्षा आहे. पास झाली की तिला पूर्ण तिकीट मिळेल. तोवर मी डोळेझाक करतो. त्यानंतरही एकच नाव राहिलं, तर मात्र सामान बाहेर.”

आईला त्यात अवघड काही वाटले नाही. खारू तिसरीत पहिली आली होती. आई त्या रात्री पाच महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपली.

*

साळखात्यात कान उपयोगाचा नसतो. दोनशे साचे एकदम चालू झाले की शेजारी उभे राहून ओरडले तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसे आवाज काढतच नाहीत. तोंड नीट उघडून, ओठ ठळक हलवून बोलतात आणि समोरचा ते वाचतो. चार साचे पलीकडच्या बाईशी भाजीच्या भावापासून सासूच्या स्वभावापर्यंत सगळे बोलता येते. याला ‘मुकं बोलणं’ म्हणत. भांडणेही अशीच होत, आणि भांडण संपवायची एकच रीत होती: तोंड फिरवणे. पाठ केलेल्या माणसाला काहीही सांगता येत नाही. त्यामुळे साळखात्यात कोणी बोलत असताना तोंड फिरवणे ही शिवीपेक्षा मोठी गोष्ट होती.

परीक्षेला सोळा दिवस उरले असताना आई जेवणाच्या सुट्टीत आवारात नळावर उभी होती. सहज वर नजर गेली. शाळेच्या खिडकीत बाई उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर, पाठमोरी, खारू. वर्ग रिकामा दिसत होता. बाई हळू आवाजात बोलत असाव्यात, कारण त्या वाकल्या होत्या. पण ओठ स्पष्ट होते. बाई शिकवताना प्रत्येक अक्षर सुटे करून बोलत, त्यांना ती सवयच होती.

‘नापास व्हायचं,’ बाईंचे ओठ म्हणाले. ‘यंदा आणि पुढच्या वर्षी. दोनदा. घरी बोलू नकोस.’

आईने नळ बंद केला नाही. ती जिना चढून वर गेली तेव्हा तिच्या पदरातून पाणी ठिबकत होते.

“माझ्या पोरीला नापास व्हायला सांगता?”

बाई पांढऱ्या पडल्या. खारूने मान खाली घातली.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच. मला, आणि नळावर आणखी कोणी असतं तर त्यालाही. तोंड खिडकीकडे होतं तुमचं.”

बाई गिरणीतल्या नव्हत्या. आठ वर्षे त्या या मुलांना शिकवत होत्या. मुले परीक्षेत आवाज न काढता नुसते ओठ हलवतात म्हणून छडी मारत होत्या. आणि खाली आवारात उभे राहून कोणी त्यांचे बोलणे वाचू शकेल हे त्यांच्या कधी डोक्यात आले नव्हते. त्यांनी आधी खिडकी लावली. मग खारूला जिन्यावर थांबायला सांगितले.

“माझ्या पटावर साठाच्या वर मुलं झाली की मला मदतनीस मिळतो,” बाई म्हणाल्या. “दोन वर्षांनी होतील. मदतनीस शाळेतलाच घ्यायचा. वय तेरा पूर्ण, चौथी पास, आणि नेमायच्या वर्षी पटावर नाव पाहिजे. त्याला पगार आहे. तीन वर्षांनी तो शिक्षकाच्या परीक्षेला बसू शकतो. तुमची मुलगी आज अकरा वर्षांची आहे. यंदा पास झाली की पटावरून नाव जातं. एकदा गेलेलं नाव परत घेता येत नाही.”

“म्हणजे मास्तरीण व्हायचं तर आधी दोनदा नापास व्हायचं?”

“हो. आणि तिसऱ्यांदा पहिलं यायचं.”

“असला कसला नियम?”

“मी नाही केला,” बाई म्हणाल्या.

आईने त्यांच्याकडे नीट पाहिले. “यात तुमचं काय?”

“माझं नुकसान. पास होणाऱ्या मुलांच्या आकड्यावर माझा पगार ठरतो. आणि मुद्दाम नापास केलं हे कळलं तर माझी नोकरी जाईल, मग मदतनीस कुठला नि काय.” बाईंनी फळ्याखालचा खडू उचलून पेटीत ठेवला. “आठ वर्षांत माझी एकोणऐंशी मुलं चौथी पास झाली. सगळी खाली आहेत. मी मुलांना चांगलं शिकवते, ताई. जितकं चांगलं शिकवते तितकी ती लवकर खाली जातात. एक तरी वर राहू दे.”

“आणि आम्ही राहायचं कुठं?” आई म्हणाली.

बाईंनी पेटीचे झाकण लावले. भोंगा झाला.

*

संध्याकाळी आईने नवऱ्याला सगळे सांगितले. खारू कोपऱ्यात पाटी मांडीवर घेऊन बसली होती, पण पाटीवर काही नव्हते.

“तुला काय पाहिजे गं, खारूताई?” बापाने विचारले.

खारूने आईकडे पाहिले.

“तिला काय विचारता?” आई म्हणाली. “पास झाली नाही तर सामान रस्त्यावर आहे. ते विचारा.”

“विचारतोय तिला. तू मध्ये बोलू नकोस. बोल गं.”

“मला बाईंसारखं व्हायचंय,” खारू म्हणाली. मग घाईने, “पण पास झाले तरी चालेल.”

बाप खोकला. बराच वेळ खोकला. मग म्हणाला, “आपल्या घरात आजवर कोणी परीक्षेला बसलंच नाही. पहिलीच बसतेय, आणि तिला नापास करायचंय. काय तरी आमचं नशीब!” तो हसला. “उद्या मी पिंजण खात्यात जातो. तिथं माणूस टिकत नाही, मुकादम माझ्यासारख्यालाही घेईल. झाडायला घेईल. तिकीट पूर्ण असलं म्हणजे झालं.”

“तिथल्या धुळीनंच तर...”

“मला माहीत आहे कशानं. दोन वर्षं काढायची आहेत फक्त.”

“दोन महिने निघणार नाहीत तुमच्यानं.”

“मग दोन महिन्यांनी रड.”

आई उठली, तिने कंदिलाची काच पुसली, ती आधीच स्वच्छ होती. नाही म्हणायचे तर आत्ताच म्हणायला हवे होते, हे तिला कळत होते. पोर आणि नवरा यांच्यात निवड करायची वेळ आली तर आपण काय करू याचा तिने कधी विचार केला नव्हता. आता तो विचार नवऱ्यानेच परस्पर करून टाकला होता. तिने नाही म्हटले नाही. पुढे तिला स्वतःच्या सगळ्या वागण्यातले हेच आठवत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाप कामावर गेला. खोल्यांच्या कारकुनाने यादीत नाव लिहिले आणि म्हणाला, “बघा, मनात आणलं की माणूस बरा होतो.”

मग नापास व्हायचा अभ्यास सुरू झाला. बाईंनी योजना सांगितली होती: वाचनात दोन ओळी गाळायच्या, लेखनात शब्द चुकवायचे, गणितात हातचा धरायचा नाही. फार चुकायचे नाही. फार चुकली तर संशय येईल. खारूला ते जमेना.

“सात आठे?” बाप विचारी. तो आल्या आल्या भिंतीला टेकून बसलेला असे, भुवयांवर कापसाचे तंतू.

“छप्पन्न.”

“अगं!”

“चौपन्न.”

“हां. नऊ साते?”

“त्रेसष्ट. नाही, नाही, एकसष्ट!”

“इतक्या वर्षांत मी एकदाही बरोबर उत्तर दिलं नाही,” बाप म्हणाला, “आणि ही पोर एक चूक करायला दमली. कोणावर गेली गं ही?” आई हसली. खारूही हसली. मग बापाला हसू आवरेना आणि त्या हसण्यातूनच खोकला निघाला. भिंतीला कपाळ टेकून तो कितीतरी वेळ खोकत राहिला. खारू तोवर पुटपुटत होती, “नऊ साते एकसष्ट, नऊ साते एकसष्ट.” ते थांबले पाहिजे असे तिला कोणी सांगितले नाही.

*

परीक्षा गुरुवारी होती. जेवणाच्या सुट्टीला लागूनच चौथीची तोंडी ठेवली होती. तपासनीस साहेब पन्नाशीचे, उंच, अंगात काळा कोट. त्या दिवसानंतर बाईंनी वर्गाची मांडणी बदलली होती. बाईंची खुर्ची आणि मुलांची बाके आता खिडकीकडे पाठ करून होती, म्हणजे आतले बोलणे खाली जायला नको. त्यामुळे साहेबांना बसायला समोरची जागा उरली, खिडकीकडे तोंड करून.

आई नळाजवळ उभी राहिली. तिला खारूचा अंबाडा दिसत होता, बाईंची पाठ आणि साहेबांचा पूर्ण चेहरा.

साहेब म्हणाले, ‘एकशे बारा. वाच.’ अंबाडा खाली झुकला. बऱ्याच वेळाने साहेब म्हणाले, ‘दोन ओळी राहिल्या, बाळ. असू दे.’ त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. मग गणित. साहेबांनी कपाळाला आठी घातली, ‘नाही, पुन्हा कर,’ म्हणाले, आणि पुन्हा लिहिले. ‘बस खाली.’

आईने श्वास सोडला. झाले होते. तिला एकदम पाय दुखत असल्याची जाणीव झाली.

पुढचा नंबर जांभईचा. हीसुद्धा साळखात्यातलीच पोर. पहाटे सहाला कामाला लागायची आणि शाळेत बाकावर बसल्या बसल्या झोपायची, म्हणून जांभई. ती बारा वर्षांची होती आणि दोनदा खरोखर नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर सावत्र आई घराबाहेर काढीन म्हणाली होती, हे सगळ्या शाळेला ठाऊक होते. खारूचा आणि तिचा बाक एक.

साहेबांचे ओठ आईने वाचले. ‘एक साचा दिवसाला बत्तीस वार कापड विणतो. सहा साचे पाच दिवसांत किती विणतील?’

जांभई उभी होती. तिचे खांदे वर गेले. वेळ गेला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. जांभईने मान वळवून शेजारी पाहिले, नुसते पाहिले. तेव्हा खारूचा अंबाडा किंचित तिच्याकडे वळला.

आईला पोरीचे ओठ दिसत नव्हते. पण काय झाले ते तिला कळले. खात्यात रोज हेच होते: शेजारणीचे सूत तुटले, तिचे लक्ष नसले, की ओठ हलवून सांगायचे. विचार करून कोणी सांगत नाही. हात जसा आपोआप सुताकडे जातो तसे ओठ हलतात.

जांभईने काहीतरी उत्तर दिले. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. ते जांभईकडे पाहत नव्हते, खारूकडे पाहत होते. आणि मग त्यांचे ओठ हलले, मोठे, ठळक, आणि गळ्याची शीरसुद्धा हलली नाही. ते आवाज काढत नव्हते.

‘तूच सांगितलंस ना? नऊशे साठ.’

आईच्या हातातला डबा पडला. हा माणूस मुकं बोलत होता. चांगल्या साळखात्यात वाढलेल्या माणसासारखा स्वच्छ.

खारूचा अंबाडा हो म्हणून हलला. ज्याला विचारले त्याने उत्तर द्यायचे, हीही सवयच.

साहेब हसले. आता ते मोठ्याने बोलत होते, बाईंकडे बघून. ‘मी नऊ वर्षं साच्यांवर होतो, बाई. पलीकडच्या प्रांतात हा कायदा जुना आहे, तिथं अर्धं तिकीट होतो. ही मुलं घाबरली की तोंडानं चुकतात आणि ओठांनी बरोबर सांगतात. माझ्या तपासनिसानं मला याच कारणानं नापास केलं होतं. मी तसं करणार नाही.’

बाई काहीतरी म्हणाल्या. त्यांचे हात उठले.

‘कच्ची? कच्ची असती तर तुम्ही परीक्षेला बसवलीच नसती. तुमचा पगार बुडेल, तो का बुडवता?’ साहेबांनी कागद ओढला. खारू उभी राहिली, तिची मान जोरजोरात नकारार्थी हलत होती. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ‘भिऊ नकोस. जातभाईच्या हातात आहेस. दोघीही पास.’

*

आई जिन्याच्या पायथ्याशी थांबली. साहेब उतरले तेव्हा तिने वाट अडवली.

“साहेब, एकशे बाराला नापास करा.”

“तुम्ही तिच्या आई?” त्यांचा चेहरा उजळला. “ताई, तुमची मुलगी फार हुशार आहे.”

“ते मला माहीत आहे. तिला नापास करा.”

साहेब थांबले. बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या, हाताने ओठ झाकून. आईने एकदा वर पाहिले. कारण सांगायचे तर बाईंचे नाव घ्यावे लागणार होते, आणि बाई गेल्या की शाळा राहील, मदतनिसाची जागा राहणार नाही. कारण सांगता येत नव्हते.

“तिला इतक्यात पूर्ण तिकिटावर लावायचं नाही का?” साहेब म्हणाले. “मग लावू नका. लावायलाच हवं असं कायदा म्हणत नाही. घरी ठेवा.”

“घरी ठेवून काय करू? शाळेत ठेवा.”

“चौथी झाली तिची.”

“मग पाचवी कुठं आहे?”

साहेब जमिनीकडे पाहू लागले. “मी दरवर्षी वर लिहितो त्याबद्दल,” ते म्हणाले. “पाचवी-सहावी काढा म्हणून. सहा वर्षं लिहितोय.”

“मग यंदा एवढं एकच लिहा, की तिला येत नव्हतं.”

“तिला येत होतं, ताई. मी पाहिलं ना. आलेलं उत्तर आलं नाही असं कसं लिहू?” ते खरेच दुःखी दिसत होते. “माझी आईसुद्धा तुमच्यासारखीच काळजी करायची. सगळं ठीक होतं.”

ते आवारातून गेले. फाटकाशी त्यांनी मागे वळून, आवाज न काढता, ओठांनी म्हटले, ‘अभिनंदन.’ आईने ते वाचले.

घरी बाप म्हणाला, “जांभई पास झाली का?” झाली, असे सांगितल्यावर त्याने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केले. आता खोलीसमोर तीन नावे होती, त्यामुळे त्याला कामावर जायची गरज उरली नव्हती. शुक्रवारी तो उठलाच नाही. शनिवारी त्याने पाणी मागितले तेव्हा भांडे त्याला हातात धरता आले नाही.

*

सोमवारी सहाच्या आत खारूचे पितळी अर्धे तिकीट परत घेतले आणि पूर्ण दिले. साळखात्याच्या मुकादमाने तिला आईशेजारचा साचा दिला. तिचा हात वरच्या दांडीला पुरत नव्हता, म्हणून पायाखाली लाकडी खोका दिला. दोन आठवडे आई दाखवील तसे करायचे, मग एकटीने.

भोंगा झाला. दोनशे साचे एकदम सुरू झाले.

आईने गुरुवारपासून एक वाक्य तयार ठेवले होते. घरी ते तोंडातून निघाले नव्हते, कारण घरी बाप होता आणि खोकला होता. इथे बोलणे सोपे होते. पण खारूने तोंड साच्याकडे केले होते ते तिकडेच. मान एवढीशीही वळेना. हाक मारायची सोय नव्हती. आपले दोन साचे सोडून तिच्याजवळ जाऊन खांद्याला हात लावायचा, तर मुकादम मधल्या वाटेत उभा होता.

दर सहा-सात मिनिटांनी आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यातले सूत संपते आणि साचा थांबवून नवी कांडी भरावी लागते. कांड्यांची पेटी आईच्या बाजूला होती. तेव्हा तरी तिला वळावे लागेल, असे आईने धरले. खारू वळली. डोळे पेटीवर, कांडी उचलली, परत फिरली. पुढच्या वेळी तसेच. चाळीस-पन्नास वेळा तसेच.

अकरा वाजता आईच्या डाव्या साच्याचे सूत तुटले आणि तिला चार बोटे कापड विणून होईपर्यंत कळले नाही. असे गेल्या दहा वर्षांत झाले नव्हते.

बाराचा भोंगा झाला. सकाळची अर्धी तिकिटे हात झटकून दाराकडे धावली, वर जायला. खारूनेही साचा थांबवला, खोक्यावरून उतरली, पदर खोचला आणि त्यांच्यामागे चालू लागली. दारापर्यंत गेली. मुकादमाने तिच्या छातीवरच्या तिकिटाला बोट लावले आणि आत दाखवले. ती क्षणभर तिथेच उभी राहिली. मग परत फिरली, आणि परतताना तिचे तोंड आपोआप आईकडे आले.

आईने घाईने ओठ हलवले. ‘जांभईला सांगितलंस ते बरोबर केलंस. माझा राग नाही.’

खारूने ते वाचले. खोक्यावर चढली. मग आईकडे बघत तिने विचारले, प्रत्येक अक्षर सुटे करून, बाई बोलत तसे: ‘मग तिला चुकीचं सांगायला हवं होतं का? म्हणजे बाबांचं धुळीत जाणं फुकट गेलं नसतं?’

ती उत्तराची वाट बघत होती. सबंध सकाळ न वळलेले तोंड आता पूर्ण आईकडे होते.

आईने तोंड फिरवले. तिने साच्याकडे पाहिले. एकही सूत तुटलेले नव्हते.